बक्स रोमधला गाडीवान: चार्ल्स लेचमियरवरच्या आरोपाची उलटतपासणी

३१ ऑगस्ट १८८८, शुक्रवार. पहाटे पावणेचारच्या सुमारास चार्ल्स क्रॉस हा गाडीवान पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागातून कामावर निघाला होता. पिकफर्ड्स या मालवाहतूक कंपनीत त्याची वीसेक वर्षं नोकरी झाली होती आणि ब्रॉड स्ट्रीटला चारच्या ठोक्याला हजर व्हायचं होतं. बक्स रो या अंधाऱ्या रस्त्यावर, तबेल्याच्या बंद फाटकासमोर त्याला ताडपत्रीसारखं काहीतरी पडलेलं दिसलं. रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, ती बाई आहे.

ती मेरी ॲन निकोल्स. ओळखीपाळखीचे तिला पॉली म्हणत. वय ४३. थ्रॉल स्ट्रीटवरच्या भाड्याच्या निवाऱ्यात रात्र काढायला चार पेन्स लागत, ते नव्हते म्हणून तिला त्या रात्री बाहेर काढलं होतं. जाताना ती हसत म्हणाली होती की पैसे आत्ता मिळवून आणते, माझी नवी टोपी बघा किती छान आहे. अडीच वाजता एमिली हॉलंड या तिच्याबरोबर राहणाऱ्या बाईने तिला ऑस्बर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पाहिलं. जिवंत पाहिल्याची ती शेवटची नोंद. ‘जॅक द रिपर’ या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या नावावर सर्वसाधारणपणे ज्या पाच हत्या धरतात, त्यांतली ही पहिली.

क्रॉसने साक्ष दिली, आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं तो ‘मृतदेह पाहणारा पहिला माणूस’ एवढाच राहिला. या शतकाच्या सुरुवातीला काही हौशी संशोधकांनी जुन्या जनगणना चाळल्या तेव्हा लक्षात आलं की त्याने सांगितलेल्या पत्त्यावर, २२ डव्हटन स्ट्रीटला, क्रॉस नावाचं कुणी राहतच नव्हतं. तिथे राहत होता चार्ल्स ॲलन लेचमियर, पिकफर्ड्सचाच गाडीवान. हा शोध पक्का आहे आणि तो हौशी लोकांनीच लावला. त्यावर पुढे आरोप उभा राहिला: प्रेताजवळ एकटा सापडलेला, पोलिसांना दुसरंच नाव सांगणारा हा माणूसच खुनी. स्वीडनचे पत्रकार क्रिस्टर होल्मग्रेन यांनी हा आरोप सर्वांत चिकाटीने मांडला. २०१४ मध्ये त्यावर ब्रिटिश दूरचित्रवाणीवर माहितीपट झाला आणि आज या विषयात रस घेणाऱ्यांत लेचमियरचं नाव वारंवार ऐकू येतं.

हे प्रकरण मी निवडलं ते त्याच्यात दम आहे म्हणून. रिपर म्हणून आजवर शंभराहून अधिक माणसांवर बोट ठेवलं गेलं. त्यांतले बहुतेक पहिल्याच प्रश्नाला गळतात. राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर खुनांच्या तारखांना लंडनबाहेर असल्याच्या दरबारी नोंदी आहेत. खुद्द पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांनी १८९४ मध्ये लिहून ठेवलेल्या तीन संशयितांपैकी मायकेल ऑस्ट्रॉग हा तर त्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात होता, हे पुढे संशोधकांनी शोधून काढलं. लेचमियरचं तसं नाही. तो तिथे होता, त्या वेळी होता, आणि हे त्यानेच शपथेवर सांगितलं. त्यामुळे त्याच्यावरचा आरोप गांभीर्याने तपासावा लागतो. आणि तो माणूस उत्तर द्यायला हयात नाही, तेव्हा तपासणी जास्तच काटेकोर हवी.

त्या पाच मिनिटांत काय घडलं

क्रॉस रस्त्याच्या मध्यात उभा असताना मागून पावलं वाजली. रॉबर्ट पॉल नावाचा दुसरा गाडीवान येत होता, तोही कामावरच निघालेला. भाग बदनाम, वेळ अवेळ. समोर उभा असलेला अनोळखी माणूस पाहून पॉल बाजूने निघून जाऊ लागला. तेव्हा क्रॉसनेच त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, इकडे येऊन बघा, एक बाई पडली आहे.

दोघं जवळ गेले. क्रॉसने तिचे हात हातात घेतले. गार आणि सैल. ती मेली आहे असं त्याला वाटलं. चेहरा मात्र अजून गरम होता. पॉलने छातीवर हात ठेवला, त्याला श्वासाची अगदी पुसट हालचाल जाणवल्यासारखी वाटली. तो म्हणाला, हिला उठवून बसवू या. क्रॉसने नकार दिला. तिचे कपडे वर सरकले होते, ते दोघांनी खाली ओढायचा प्रयत्न केला आणि पोलीस शोधायला निघाले. गळा चिरलेला आहे हे त्या अंधारात दोघांनाही दिसलं नाही. पोटावरचे वार तर पुढे शवागारात इन्स्पेक्टर स्प्रॅटलिंगने कपडे उचलले तेव्हाच कळले.

हॅनबरी स्ट्रीटच्या नाक्यावर त्यांना जोनास मायझेन हा शिपाई भेटला. कामगारांची दारं ठोठावून त्यांना पहाटे उठवायचं काम तो करत होता. गस्तीवरचे शिपाई हे काम तेव्हा सर्रास करत. त्याला सांगून दोघं कामावर गेले. इकडे जॉन नील हा शिपाई आपल्या फेरीत बक्स रोमध्ये आला आणि त्याला कुणी न सांगताच प्रेत दिसलं. त्याच्याकडे कंदील होता. गळ्यातून रक्त पाझरत होतं. त्याने जॉन थेन या दुसऱ्या शिपायाला खूण केली, थेन डॉ. लुएलिन यांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, मरून फार तर अर्धा तास झाला असेल.

मुंबईतही गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोरोनरचं कोर्ट होतं, त्यामुळे ही पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. संशयास्पद मृत्यू झाला की कोरोनर पंच बसवून साक्षी घेतो. इथे कोरोनर होते विन बॅक्स्टर. क्रॉसची साक्ष ३ सप्टेंबरला झाली, पॉलची १७ सप्टेंबरला. या चौकशीचे मूळ कागद आज उरलेले नाहीत. जे काही आहे ते वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांनी टिपलेलं आहे, आणि ते एकमेकांशी जुळत नाही. काहींनी तर साक्षीदाराचं नाव जॉर्ज क्रॉस छापलं. लेचमियरवरच्या संपूर्ण आरोपाचा पाया हा असा आहे, हे पुढचं वाचताना क्षणभरही विसरू नये.

नऊ मिनिटांचं घड्याळ

आरोपाचा कणा आहे वेळ. क्रॉस म्हणाला, मी साडेतीनच्या सुमारास घरून निघालो. डव्हटन स्ट्रीटपासून बक्स रो चालत सात मिनिटं. म्हणजे तो ३.३७ ला तिथे पोहोचायला हवा. पॉलने एका साप्ताहिकाला सांगितलं की मी बक्स रोमध्ये शिरलो तेव्हा नेमके पावणेचार झाले होते. मधली आठ-नऊ मिनिटं क्रॉस काय करत होता? आरोप करणारे म्हणतात: खून.

ऐकायला भेदक वाटतं. पण आता उरलेल्या साक्षी याच्या शेजारी मांडून बघा. नील म्हणतो, मला प्रेत पावणेचारला दिसलं. थेन म्हणतो, नीलची खूण मला पावणेचारला मिळाली. मायझेन म्हणतो, ते दोघं मला पावणेचारला भेटले. मायझेन उभा होता ती जागा बक्स रोपासून काही मिनिटांच्या अंतरावर. पॉल पावणेचारला रस्त्यात शिरला, तर त्याने बाई बघितली, हात लावला, कपडे ओढले, चालत जाऊन मायझेनला गाठलं, आणि तरीही पावणेचारच? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. तीन शिपायांची वेळ धरली तर क्रॉस आणि पॉल प्रेतापाशी होते ३.४० च्या आसपास, आणि इन्स्पेक्टर ॲबरलाइन यांच्या १९ सप्टेंबरच्या अहवालात हीच वेळ आहे. मग क्रॉसच्या हातात उरतात दोन-तीन मिनिटं. तीही त्याचं ‘साडेतीनच्या सुमारास’ हे मिनिटावर नेमकं धरलं तर.

या लोकांच्या खिशात बहुधा घड्याळं नव्हती, हा साधा मुद्दा. चर्चच्या टोल्यांवरून, दारूच्या गुत्त्यातल्या घड्याळावरून, सवयीवरून ते वेळ सांगत. ‘पावणेचार’ म्हणजे साडेतीन आणि चारच्या मधला टोला. कोरोनर बॅक्स्टरनी समारोपात म्हटलं की इतक्या स्वतंत्र साक्षी असल्यामुळे वेळ पावणेचारपासून फार लांब असू शकत नाही. ‘फार लांब नाही’ याच्या पुढे तेही गेले नाहीत.

इथे एक गोष्ट आरोपाच्या बाजूने नोंदवायला हवी. काही वर्तमानपत्रांनी क्रॉसची निघण्याची वेळ ३.२० छापली आहे. ती खरी मानली तर मधला वेळ बराच वाढतो. पण मग ‘साडेतीन’ छापणारी बाकीची वर्तमानपत्रं खोटी ठरवावी लागतात, आणि तसं करायला कागदात कुठलाही आधार नाही. होल्मग्रेन यांची मांडणी क्रॉसचं साडेतीन आणि पॉलचं पावणेचार या दोन वेळा उचलते, तीन शिपायांच्या वेळा बाजूला ठेवते, आणि उरलेल्या फटीला पुरावा म्हणते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. ही फट १८८८ मध्ये बक्स रोवर नव्हती, ती साक्षींच्या निवडीतून तयार झाली.

रक्ताचंही तसंच. नीलला रक्त पाझरताना दिसलं, मायझेनलाही अजून वाहतंय असं दिसलं, म्हणून वार अगदी ताजे असणार, म्हणून क्रॉस. पण हृदय थांबल्यावरही उघड्या जखमेतून रक्त गुरुत्वाकर्षणाने झिरपत राहतं, आणि किती वेळ हे जखम आणि शरीराची स्थिती यांवर ठरतं. क्रॉसच्या पाच मिनिटं आधी कुणी वार केले असते तरी नीलला हेच दिसलं असतं.

मायझेन काय म्हणाला

या सिद्धान्तातला सगळ्यात कठीण पुरावा वेळेत किंवा रक्तात नाही, तो मायझेनच्या एका वाक्यात आहे. शपथेवर तो म्हणाला की त्या माणसाने मला सांगितलं, बक्स रोमध्ये तुम्हाला एक पोलीस बोलावतो आहे. क्रॉसला विचारलं तेव्हा त्याने साफ नाकारलं: मी असं म्हणालो नाही, कारण तिथे मला पोलीस दिसलाच नव्हता.

एक शिपाई, एक गाडीवान, दोघांची शपथ, आणि विधानं विरुद्ध. आरोप करणारे म्हणतात, खुन्याने थाप मारली. ‘तिथे आधीच पोलीस आहे’ म्हटलं की शिपाई याला अडवणार नाही, झडती घेणार नाही, नाव लिहून घेणार नाही. आणि खरंच मायझेनने दोघांनाही जाऊ दिलं. हा तर्क मी हलका मानत नाही. लेचमियरविरुद्ध जे काही आहे त्यात हेच खरं वजनदार आहे.

पण मायझेनलाही सांभाळण्यासारखं काहीतरी होतं. पॉलने त्या साप्ताहिकाशी बोलताना चिडून सांगितलं की बाई मेली आहे असं कळल्यावरही हा शिपाई दारं ठोठावतच राहिला. म्हणजे कर्तव्यात कसूर केल्याचा जाहीर ठपका मायझेनवर आला होता. ‘तिथे आधीच एक पोलीस होता’ हे खरं असेल तर त्याच्या उशिराचं समर्थन होतं. तो मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणत नाही. तिथे पोहोचल्यावर त्याला नील खरोखरच भेटला आणि नीलने त्याला हातगाडी आणायला पिटाळलं. तीन दिवसांनी साक्षीत आठवताना ‘पोलीस बोलावतोय’ हे आधीच ऐकल्यासारखं वाटणं सहज शक्य आहे. शिवाय पॉल तिथे हजर होता. क्रॉसने पोलिसाबद्दल थाप मारली असती तर पॉलने ती ऐकली असती, आणि पॉलच्या साक्षीत तसं काही नाही. यावर आरोप करणाऱ्यांचं उत्तर असं की पॉल त्या क्षणी जरा लांब असेल. असेल! पण ‘असेल’ हे त्यांनी घातलेलं आहे, कुणी साक्षीदाराने नाही.

दोन नावं

जन्मनाव लेचमियर, कोर्टात सांगितलं क्रॉस. आधुनिक वाचकाला यात लगेच लपवाछपवी दिसते. प्रत्यक्षात थॉमस क्रॉस हा त्याचा सावत्र बाप, पेशाने पोलीस शिपाई, १८६९ मध्ये वारला. १८६१ च्या जनगणनेत मुलाची नोंद चार्ल्स क्रॉस अशीच आहे. पुढे लग्नापासून सगळ्या सरकारी कागदांवर तो लेचमियर असतो, हेही खरं, आणि आरोप करणारे त्यावर भर देतात. पण संशोधकांना १८७६ मधली एक बातमी सापडली आहे: पिकफर्ड्सच्या चार्ल्स क्रॉस नावाच्या गाडीवानाच्या गाडीखाली एक लहान मुलगा दगावला, आणि त्या मृत्यूची कोरोनरसमोर चौकशी झाली. एकाच कंपनीत त्याच नावाचे दोन गाडीवान असण्यापेक्षा हा तोच असणं जास्त संभवनीय. तसं असेल तर खुनांच्या बारा वर्षं आधीपासून कामावर तो क्रॉस म्हणूनच ओळखला जात होता. कामावर जाताना घडलेल्या घटनेबद्दल साक्ष देताना कामावरचं नाव सांगितलं, यात नवल ते काय?

त्याने घराचा पत्ता खरा सांगितला, मालकाचं नाव खरं सांगितलं. स्वतःला लपवणारा माणूस आडनाव बदलून उरलेलं सगळं उघड ठेवत नाही. यावर एक युक्तिवाद असा की पत्ता फक्त ‘स्टार’ या वर्तमानपत्रात छापून आला, म्हणजे त्याने तो कोर्टात मोठ्याने सांगितला नसावा. वार्ताहरांनी त्याचं पहिलं नाव जॉर्ज करून टाकलं, त्यांनी पत्ता गाळला यावरून त्याच्या मनातलं कपट काढणं मला पटत नाही.

नकाशावरची रेघ

लेचमियर त्याच उन्हाळ्यात डव्हटन स्ट्रीटला राहायला आला. तिथून ब्रॉड स्ट्रीटला जायच्या वाटा हॅनबरी स्ट्रीट आणि ओल्ड माँटेग्यू स्ट्रीटवरून. ॲनी चॅपमनचा खून ८ सप्टेंबरला २९ हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात झाला. एलिझाबेथ स्ट्राइड ३० सप्टेंबरला बर्नर स्ट्रीटवर मारली गेली, तो भाग त्याच्या आईच्या घराजवळचा. त्याच रात्री मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोज, आणि ९ नोव्हेंबरला डॉर्सेट स्ट्रीटजवळ मेरी जेन केली. नकाशावर ठिपके लावले की रेघ दिसते.

हीच पट्टी रॉबर्ट पॉलला लावून बघावी. तो बक्स रोमध्ये त्याच पहाटे होता. तो काम करत होता कॉर्बेट्स कोर्टमध्ये, म्हणजे हॅनबरी स्ट्रीटलाच लागून, चॅपमनच्या खुनाच्या जागेपासून काही पावलांवर. नकाशाच्या हिशेबाने पॉल लेचमियरइतकाच बसतो, आणि तरी त्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही, ठेवायला नकोच. त्या चौरस मैलात पहाटे कामाला जाणारे गाडीवान, बाजारातले हमाल, गोदीतले मजूर हजारोंनी होते आणि सगळे त्याच मोजक्या रस्त्यांवरून जात.

चॅपमनच्या वेळेवर तर सिद्धान्ताची खरी कसोटी लागते. जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्या अंगणाच्या पायरीवर बसला, त्याला प्रेत दिसलं नाही. अल्बर्ट कॅडॉशने शेजारच्या अंगणातून साडेपाचच्या आसपास आवाज ऐकले. एलिझाबेथ लाँगने साडेपाचला चॅपमनला एका पुरुषाबरोबर पाहिलं. हे तिघं बरोबर असतील, तर चारपासून कामावर असलेला लेचमियर बाद होतो. म्हणून आरोप करणारे प्रेत तपासणाऱ्या डॉ. बॅगस्टर फिलिप्स यांच्या अंदाजाकडे वळतात. त्यांच्या मते साडेसहाच्या सुमारास ती मरून किमान दोन तास झाले होते. शरीराच्या गारव्यावरून मृत्यूची वेळ सांगणं तेव्हा किती बेभरवशाचं होतं हे आज सर्वमान्य आहे, आणि फिलिप्स यांनी स्वतःच पहाटेच्या थंडीमुळे अंदाज चुकू शकतो असं म्हटलं होतं. एका खुनात साक्षीदाराच्या तोंडचं मिनिट प्रमाण मानायचं, दुसऱ्या खुनात तीन साक्षीदार रद्द करून डॉक्टरांचा अंदाज प्रमाण मानायचा. दोन्हीकडे निवडीचा निकष एकच राहतो: लेचमियर बसला पाहिजे.

पुढे याच काळातल्या टेम्समध्ये आणि आसपास सापडलेल्या धडांच्या प्रकरणांचाही बोजा त्याच्यावर टाकला गेला, त्यांत सप्टेंबर १८८९ मध्ये पिंचिन स्ट्रीटच्या रेल्वे कमानीखाली सापडलेलं धडही आलं. प्रत्येक नव्या प्रकरणाबरोबर एक तरी नवा पुरावा यायला हवा होता. आला तो फक्त ‘हीही जागा त्याच्या घराजवळ’ एवढाच. अनेक मुलांचा हा बाप १९२० मध्ये वारला आणि त्याच्यावर हिंसेचा एकही गुन्हा नोंदलेला आढळलेला नाही.

आरोप सिद्ध व्हायला काय लागेल

पंचांनी २२ सप्टेंबर १८८८ च्या समारोपानंतर निकाल दिला: अज्ञात व्यक्तीने केलेला खून. लेचमियर प्रकरणात आज जे हातात आहे त्यावर मीही याच निकालावर सही करेन. प्रेताजवळ आधी पोहोचणं, मायझेनशी झालेला विसंवाद आणि दुसरं आडनाव यांवरून त्या सकाळी त्याला चौकीत बसवून कसून प्रश्न विचारायला हवे होते, एवढंच ठरतं. ते न विचारणं ही पोलिसांची चूक, आणि तिची शिक्षा त्याला देता येत नाही.

ज्यांना हा सिद्धान्त पुढे न्यायचा आहे त्यांच्यासाठी वाट स्पष्ट आहे, आणि हौशी संशोधकांनीच ती दाखवून दिली आहे: जनगणना, शाळांचे दाखले, १८७६ ची ती बातमी. पिकफर्ड्सची १८८८ ची हजेरी किंवा पगाराचं पुस्तक कुठल्या दफ्तरात निघालं आणि त्यात ८ सप्टेंबर व ९ नोव्हेंबरला हा गाडीवान उशिरा आला किंवा आलाच नाही असं दिसलं, तर मी हे प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून उघडेन. तो चारला हजर होता असं दिसलं, तर चॅपमनच्या खुनातून त्याचं नाव कायमचं काढावं लागेल. शोधायचं असेल तर ते पुस्तक शोधावं.